एकोणसाठ टक्के यामिनी

वाटी पडली. आधी ठण्णकन, मग फरशीवर गोल गोल फिरत, आवाज बारीक करत करत, शेवटी थरथरून गप्प झाली.

तोवर घरात इतकी शांतता होती की कपाटात टांगलेल्या प्रणीलच्या शर्टांनासुद्धा माझा श्वास ऐकू जात असेल. मी कपाटातच बसले होते. दोन्ही बाजूंना गोधड्या, डोक्यावर साड्या, मांडीवर मायक्रोफोन. केतकी दुपारी दीड ते अडीच झोपते, तेवढाच वेळ माझा स्टुडिओ चालू असतो. गाण्याची शेवटची ओळ निम्मी झाली होती. मी थांबले नाही, पूर्ण केली.

"आई, वाटी पडली," बाहेरून केतकीने कळवलं. साडेतीन वर्षांची आहे. काय झालं ते लगेच सांगते, कुणी केलं ते सांगत नाही.

तिच्यामागून आत्या आल्या. माझ्या सासूबाई. आमच्या सांगलीकडे सासूला आत्याच म्हणतात.

"काय करालीस गं कपाटात?"

"गाणं म्हणतेय, आत्या."

"मग भाईर येऊन म्हण की. चोरीचं हाय का काय?"

मी ऐकून बघितलं. वाटीचा आवाज तालात नव्हता, पण वाईटही लागत नव्हता. ठेवून दिला. गाणं केतकीचंच होतं. सगळी जनता पोरांना झोपवायला गाणी म्हणते, मी उलटं लिहिलं होतं:

*नको झोपू केतू, जग बघायचंय अजून,*
*कोण म्हणतं गप्प बस, ये त्यालाच विचारून.*

माझं पहिलं एकटीचं गाणं. 'काचापाणी' हा आमचा गट फुटल्याला पाच वर्षं झाली होती. आम्ही तिघी होतो, शमा, सानिका आणि मी, आणि तीन वर्षं महाराष्ट्रातलं एकही कॉलेजचं गॅदरिंग आमच्याशिवाय झालं नसेल. आता सानिका कॅनडात, शमा मिरजेत वडिलांच्या कारखान्यात, आणि मी कपाटात.

केतकीला मऊभात भरवता भरवता मी गाणं सरकारी तपासणीसाठी 'पारख'कडे पाठवलं. दोन मिनिटांत उत्तर आलं.

'हा आवाज नोंदणीकृत गायिका यामिनी खरमाटे यांचा नाही. जुळणी : एकोणसाठ टक्के. दुसऱ्या व्यक्तीच्या नावाने गाणं प्रसारित करणं हा गुन्हा आहे.' खाली बारीक अक्षरात : 'ध्वनिफितीतील धातूच्या भांड्याचा आवाज अस्सल आहे.'

वाटी पास झाली होती. मी नापास.

यंत्रं कुणाच्याही आवाजात गायला लागली तेव्हा आम्ही गाणाऱ्यांनीच ओरड केली होती, म्हणून तर हा कायदा आला. प्रत्येकाने आपल्या आवाजाचा नमुना सरकारदरबारी द्यायचा. नवं गाणं आलं की पारख ते नमुन्याशी ताडून बघणार.

ती काय बघते? गळ्यात दोन मऊ पट्ट्या असतात. छातीतली हवा त्यांच्यामधून जाताना त्या सेकंदाला दोनशे, तीनशे, वरच्या पट्टीत पाचशे वेळा एकमेकींवर आपटतात. नुसता तो आवाज माशीच्या गुणगुणण्यासारखा असतो. तो माणसाचा होतो वर गेल्यावर. घशाची लांबी, टाळूची कमान, नाकामागची पोकळी, दातांतली फट, हे सगळं मिळून काही कंपनं फुगवतं, काही गिळून टाकतं. शिवाय पट्ट्यांचं आपटणं दोनदा अगदी सारखं कधी होत नाही, दर वेळी केसाएवढा फरक पडतो, आणि हा फरक पडायची ज्याची त्याची तऱ्हा असते. पारख ती तऱ्हा मोजते. पंच्याऐंशीच्या वर जुळलं की गाण्यावर हिरवी खूण. खूण नसलेलं गाणं निनावी सोडता येतं, पण ते कुणाच्या यादीत आपणहून येत नाही. कुणी मुद्दाम शोधलं तर सापडतं.

माझ्या पट्ट्या बदलल्या होत्या. केतकीच्या वेळी ऐनवेळी भूल द्यावी लागली, नंतर दोन दिवस घशात श्वासाची नळी होती. तिने एका पट्टीवर व्रण ठेवला. बाळंतपणानंतर बायकांचा आवाज तसाही थोडा खाली उतरतो, बहुतेकींचा वर्षभरात वर येतो. माझा आलाच नाही. तो खाली राहिला आणि त्याला भाकरीच्या कडेसारखी खरखरीत किनार आली. पहिलं वर्ष मी रडले. दुसऱ्या वर्षी केतकी त्या आवाजाकडे मान वळवून हसायला लागली, आणि मलाही तो आवडायला लागला.

मी हेमांगीताईंना फोन लावला. 'नादवेल' ही आमची कंपनी त्यांची. आम्ही एकवीस वर्षांच्या होतो तेव्हा त्यांनी आम्हाला उचललं, डोक्यावर हात ठेवला, सह्या घेतल्या.

"अगं यामू, घाबरतेस काय एवढी?" त्या हसल्या. "गाणं मला पाठव. ठशातून काढते. शुक्रवारी लावून टाकू."

ठसा म्हणजे माझ्या आवाजाचं यंत्र. शब्द आणि चाल दिली की ते माझ्या एकविसाव्या वर्षाच्या गळ्याने गातं. सरकारी नमुना आणि कंपनीचा ठसा एकाच दिवशी, एकाच ध्वनिफितीवरून बनले होते. त्यामुळे पारखेच्या लेखी ठसा हा माझ्यापेक्षा जास्त मीच होता.

"पण ताई, मला माझ्या गळ्यानं गायचंय."

"तो तुझाच गळा आहे की. आणि करार बघ, चाल आणि शब्द आपल्या दोघींचे. तू गा, नाहीतर मी ठशाकडून गाऊन घेते. तुझं तर पारख घेत नाही, मग?"

चहाच्या वेळेला त्यांचं गाणं येऊन पडलं. जुळणी अठ्ठ्याण्णव टक्के. माझा नवरा प्रणील नुकताच तासगावहून आला होता. तो बेदाण्याच्या शीतगृहात काम करतो, घरात शिरला की त्याच्या आधी बेदाण्याचा वास शिरतो. आम्ही चौघांनी ओट्याशी उभं राहून ऐकलं.

आवाज पाण्यासारखा होता. कुठे गाठ नाही, कुठे दमणं नाही. वाटीही काढून टाकलेली.

आत्यांनी पदराने डोळे पुसले. "ही आमची खरी यामिनी. लगीन झालं तवाचा गळा गं."

"आत्या, मग मी कोण?"

"तू हैसच की. मी कुटं न्हाई म्हणाले?"

केतकीचं लक्षच नव्हतं. ती बिस्किटाचा चहात पडलेला तुकडा चमच्याने शोधत होती.

मी प्रणीलकडे बघितलं. त्याने कप खाली ठेवला, परत उचलला.

"खरं सांगू का?"

"खोटं सांगण्याइतका हुशार नाहीस तू."

"हे ऐकून मला कॉलेजचे दिवस आठवले. हा ओळीच्या शेवटी जो वरचा सा लागतो ना, ह्याच्यावरच तर आम्ही पोरं वेडी होतो. ह्या सा साठी मी तुमच्या तीन कार्यक्रमांना उभा राहिलो होतो." मग त्याला माझा चेहरा दिसला असावा. "तुझं आताचंही चांगलंय गं. मी कुठं म्हटलं..."

पण मला राग आला नव्हता. मी गाणं मागे नेऊन तेवढी जागा पुन्हा ऐकली. 'अजून' या शब्दावर तो सा. स्वच्छ, सरळ, मारलेल्या बाणासारखा.

तो सा माझा नव्हता. तो शमाचा होता.

'काचापाणी'मध्ये आमची एक रीत होती. जिचा गळा बसेल तिची ओळ दुसरीने गायची. तालमीत, कार्यक्रमात, कुठेही. बसलेलीने ओठ हलवायचे, शेजारणीने आवाज द्यायचा. आम्ही त्याला हजेरी लावणं म्हणायचो. वर्गात मैत्रिणीची लावतात तशी. एकमेकींसारखं गायचा सराव आम्ही वर्षभर केला होता, त्यामुळे कुणाला पत्ता लागायचा नाही, आणि याचा आम्हाला फार अभिमान होता.

नोंदणीच्या दिवशी माझा घसा बसला होता. आदल्या दिवशी कृष्णेच्या पाण्यात उभं राहून चित्रीकरण केलं होतं. खालचं सगळं मी गायले. वरच्या जागा आल्या तशी शमा माझ्या मायक्रोफोनशी सरकली. "तू नुसता आ कर यामे, मी लावते हजेरी." काचेपलीकडचा माणूस आकडे बघत होता, आमच्याकडे नाही. आम्हाला ती नोंदणी म्हणजे खरोखर हजेरीच वाटली होती. कुणीतरी 'हजर' म्हटलं की झालं.

त्या दिवसापासून सरकारी यामिनी खरमाटे अर्धी मी होते, अर्धी शमा मुजावर. ठसाही तसाच. पुढचा सगळा अल्बम त्याच ठशावर निघाला, आणि त्यातला वरचा सा कार्यक्रमातही शमाच लावायची. माझा नवरा तीन कार्यक्रम ज्या स्वरासाठी उभा राहिला, तो माझ्या शेजारची गात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केतकीला घेऊन मिरजेला गेले.

मुजावरांच्या कारखान्यात भिंतीला भोपळे टांगलेले असतात, तंबोऱ्यांचे. केतकीने विचारलं, ही सगळी भाजी कोण खाणार, तर शमाचे अब्बा चष्म्यावरून बघून म्हणाले, "गाणारे लोक खातात बेटा. म्हणून तर जाड होतात." शमा खाली बसून एका तंबोऱ्याची जवारी काढत होती. म्हणजे तारा ज्या हाडाच्या घोडीवर टेकतात, तिला कानशीने घासून असा उतार द्यायचा की तार नुसती वाजू नये, घुमावी.

मी तिला दोन्ही गाणी ऐकवली. ठशाच्या गाण्यातला सा आला तशी तिने कानस खाली ठेवली.

"अगं, ही तर मी."

"हो."

"अल्लाह. मी अशी लावायची? आता लागत नाही माझा. दम्यानं खाल्ला." ती बराच वेळ हसली, मग हसू थांबलं तरी तोंड तसंच राहिलं. "काय करणारैस?"

"नोंदणी कचेरीत जाऊन सांगणार. नमुना खोटा आहे म्हणून. नमुना रद्द झाला की ठशाला माझं नाव लावता येणार नाही. पण शमे, खोटी नोंद म्हटलं की तुझंही नाव येतं. सहा महिने दोघींची खूण जाते. तू ऑनलाइन शिकवतेस. पोरी खूण बघून येतात."

तिने समोरच्या तंबोऱ्याची तार छेडली, नाक मुरडलं, कानस घेतली, दोनदा घासली, परत छेडली. तार घुमली.

"हा तंबोरा अब्बांनी मी पाचवीत असताना बनवला," ती म्हणाली. "दर दोन वर्षांनी येतो. वाजवून वाजवून घोडी झिजते, मग जवारी नव्यानं काढायची. दर वेळी थोडा वेगळा बोलतो. गिऱ्हाईक कधी म्हटलं नाही, हा माझा तंबोरा नव्हे म्हणून." मग आत बघून ओरडली, "अब्बा, मी सांगलीला जाऊन येते. सरकारला सांगायचंय की मी दुसरीच्या नावानं गायले."

"बरं," आतून आवाज आला. "येताना पॉलिश आण."

नोंदणी कचेरीतल्या बाईंचं आडनाव लाटकर. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही मान हलवली नाही.

"म्हणजे नऊ वर्षांपूर्वी तुम्ही दोघींनी मिळून एक व्यक्ती नोंदवली."

"हो," मी म्हणाले.

"का?"

"माझा घसा बसला होता."

"मग दुसऱ्या दिवशी यायचं."

शमा आणि मी एकमेकींकडे बघितलं. नऊ वर्षांत हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं.

लाटकरबाईंनी जुनी ध्वनिफीत मागवली, तिचे तुकडे केले, आणि आम्हाला एकेक करून गायला लावलं. माझ्या उरलेल्या आवाजाशी खालचे तुकडे बहात्तर टक्के जुळले. शमाचा दम पुरला नाही, सा अर्ध्यावर तुटला, पण तुटायच्या आधीचा अर्धा सेकंद नव्वद टक्के होता. त्या आकड्याकडे शमा लहान मुलीसारखी बघत राहिली.

"नमुना रद्द," बाई म्हणाल्या. "कबुली आपणहून दिलीत म्हणून गुन्हा नाही. दोघींना सहा महिने खूण मिळणार नाही. त्यानंतर नवीन नमुना द्यायचा, आणि या वेळी एकेकटीने." त्यांनी शिक्का मारला. मग खुर्चीवरून न उठता विचारलं, "ते कपाटातलं गाणं आहे का आत्ता तुमच्याकडे? ऐकवा जरा." ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "वाटी चांगली आहे."

आम्ही बाहेर पडेपर्यंत नमुना रद्द झाल्याची सूचना कंपनीला पोचली होती, आणि लगेच हेमांगीताईंचा फोन.

"यामू, हे काय ऐकतेय मी? तू स्वतःच्या हाताने स्वतःचा गळा कापतेयस, कळतंय का? ते अख्खं कॅटलॉग खोटं ठरलं. लोक तुझ्यावर थुंकतील."

"थुंकू देत, ताई. निदान माझ्यावर थुंकतील."

"सहा महिन्यांनी तुला ओळखणारं कुणी उरणार नाही. तो आवाज लोकांना हवाय. तुझा हा घोगरा कोण ऐकणार?"

"केतकी ऐकते."

"साडेतीन वर्षांच्या पोरीवर करिअर होत नाही."

"माहितीये. म्हणून मंडईतसुद्धा म्हणणार आहे."

मी फोन ठेवला. शमा म्हणाली, "मंडईतसुद्धा?" मी म्हणाले, तोंडातून गेलं. ती म्हणाली, मग आता जावं लागेल.

घरी सगळं सांगितलं. आत्या भांडल्या. आपणहून सरकारात जाऊन खोटं कबूल करणारी सून त्यांच्या सात पिढ्यांत आली नव्हती. जेवण झाल्यावर प्रणील हात धुवायला उठला तेव्हा म्हणाला, "म्हणजे मी तीन कार्यक्रम शमासाठी उभा होतो."

"निम्मा."

"मग तुला लग्नाचं कसं विचारलं मी?"

"ते तूच शोध."

तो मोरीपाशी उभा राहून बराच वेळ हात धूत होता. "कार्यक्रमानंतर तू वडापाववाल्याशी भांडत होतीस," तो शेवटी म्हणाला. "चटणी दिली नाही म्हणून. बसलेल्या घशानं. तेव्हा."

शुक्रवारी सकाळी दहाला 'नको झोपू केतू' निघालं. निनावी, विनाखूण, वाटीसकट, खाली एकच ओळ : 'हा माझा बाळंतपणानंतरचा आवाज.' हार नाही, केक नाही. प्रणीलने कामावरून मित्रांना दुवे पाठवले. शमाने भोपळ्यांच्या मधोमध बसून ऐकतानाचा फोटो टाकला. आत्यांनी रुसव्यातच फोन पुढे केला, "माज्या बहिणींना कसं धाडायचं त्ये दाव." पहिल्या दिवशी चारशे जणांनी ऐकलं. त्यात इस्लामपूरच्या एका बाईने लिहिलं, माझाही आवाज बाळंतपणात गेला, मी भजनी मंडळ सोडलं होतं, उद्या जाणार आहे. मी ते चार वेळा वाचलं, मग कुकर लावला.

कंपनीला माझं नाव लावता येत नव्हतं. पण कायद्यात एक कलम होतं, आम्हा कुणाच्या लक्षात न आलेलं. जो आवाज कुणाचाच नाही, त्याला नोंदणीच लागत नाही. माझा आणि शमाचा मिळून झालेला गळा आता कायद्याने कुणाचाच नव्हता, आणि तसं आम्हीच शिक्कामोर्तब करून घेतलं होतं. त्यांनी त्याला निशा नाव दिलं, एक गोड चेहरा दिला, आणि रविवारी तेच गाणं तिच्या आवाजात सोडलं. चाल आणि शब्द निम्मे त्यांचे होतेच.

मला ते मंडईत कळलं. मी मेथी निवडत होते, केतकी माझी ओढणी धरून उभी. भाजीवाल्याच्या डोक्यावरच्या स्पीकरमधून एकदम आलं, *नको झोपू केतू*. पाण्यासारखं. जुड्या हातात तशाच राहिल्या.

"दादा, हे गाणं माझं आहे," मी म्हणाले.

"तुमचं?" त्याने मला वरून खालपर्यंत बघितलं. "आवाज तर येगळा हाय, ताई."

"आवाज तिचा. गाणं माझं."

"आसं आसतंय व्हय? म्हणून दावा की मग."

तो चेष्टेने म्हणाला होता. आजूबाजूला दहा-बारा माणसं, दोन कांद्याची पोती, एक गाय. मी पिशवी खाली ठेवली आणि गायला सुरुवात केली. स्पीकर वरच्या पट्टीत, मी खाली. पहिल्या ओळीला माझा आवाज फाटला. दुसरीला बसला. वांगी तोलणारी बाई तोलायची थांबली. कुणीतरी म्हणालं, ओरडालीय कोण ही, आणि दुसरं कुणीतरी म्हणालं, गप की जरा. भाजीवाल्याचा हात वर गेला, मला वाटलं मला थांबवणार, पण त्याने स्पीकर बारीक केला. बंद नाही केला, बारीक केला. आम्ही दोघी गात राहिलो, ती वर, मी खाली, आणि 'अजून'वर तिचा सा लागला तेव्हा मी माझ्या खालच्या सा वर पाय रोवून उभी राहिले, श्वास संपेपर्यंत.

संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वांग्याची बाई म्हणाली, "पुन्ना म्हण."

केतकीने ओढणी ओढली. ती माझ्याकडे बघत नव्हती. मान वर करून स्पीकरकडे बघत होती, कुणी खिडकीतून हाक मारल्यावर बघावं तशी, कारण तिथे गाणं पुन्हा पहिल्यापासून लागलं होतं.

"आई, ही पण केतू म्हणते."

"हो."

"हिच्याकडं पण एक केतू आहे?"